एका शब्दाची वंशावळ

पोलंडमध्ये कॅथोलिक धर्मगुरूला 'क्शोन्च' म्हणतात. शब्द दिसायला अवघड आहे. परंतु त्याच्या अखेरचा 'च' हा 'चाक' या शब्दातला आहे, 'चंद्र' मधला नव्हे, आणि तो मराठी जिभेला इंग्रजी जिभेपेक्षा कितीतरी सहज साधतो. षष्ठीत याच शब्दाचे 'क्शेन्जा' असे रूप होते; तेथील 'ज' आपल्या 'जाळे' या शब्दातला. म्हणजे उच्चाराच्या बाबतीत तरी हा शब्द आपल्याला अगदीच परका नाही. अर्थाच्या बाबतीत मात्र तो चकित करणारा आहे.

आमच्याकडे पोर्तुगीज अमदानीबरोबर 'पाद्री' आला आणि इंग्रजीबरोबर 'फादर' आला. दोहोंचा अर्थ एकच, बाप. वसईतील म्हातारी माणसे काय किंवा आजची मुले काय, धर्मगुरूला हाक मारताना नकळत पित्याचेच नाव घेतात. पोलिश माणसाने आपल्या गावच्या धर्मगुरूला जे नाव दिले त्याचा मूळ अर्थ पिता असा नाही. त्याचा मूळ अर्थ आहे राजा. इंग्रजीतील 'किंग', जर्मन भाषेतील 'क्योनिग' आणि पोलिश 'क्शोन्च' ही तीन भावंडे आहेत. एक सिंहासनावर बसले आणि एक वेदीपाशी जाऊन उभे राहिले. हे कसे घडले आणि त्या नावातल्या राजाने पुढे पोलंडच्या ख्रिस्तमंडळाला काय दिले व काय भोगायला लावले, याचा थोडा मागोवा घ्यावा असे आम्ही योजिले आहे.

प्राचीन जर्मेनिक लोकांच्या बोलीत 'कुनिंगाझ्' असा एक शब्द होता. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत, स्लाव्ह लोकांना अद्याप ख्रिस्ताचे नावही ठाऊक नसताना, त्यांनी तो आपल्या शेजाऱ्यांकडून उचलला. फिनलंडच्या लोकांनीही तो घेतला आणि त्यांनी तो इतका जपून ठेवला, की फिनिश भाषेत आजही राजाला 'कुनिंगास' म्हणतात. भाषाशास्त्रात असा योग वारंवार येतो. ज्याने वस्तू घडविली त्याच्या घरी ती झिजून जाते आणि ज्याने ती उसनी नेली त्याच्याकडे ती नव्यासारखी राहते. स्लाव्ह मुखात मात्र या शब्दाची बरीच घडण झाली. 'इं' चा अनुनासिक 'एं' झाला, 'ग' मऊ होऊन त्याचा दंततालव्य 'ज' झाला. पुढे पोलिश भाषेत आरंभीचे 'क्न' बदलून त्याचे 'क्श' झाले आणि अखेरचा 'ज' कठोर होऊन त्याचा 'च' झाला. इतक्या उलथापालथीनंतर 'किंग' आणि 'क्शोन्च' हे एकमेकांना ओळखत नसतील तर त्यांना दोष देता येणार नाही.

परंतु वंशावळ येथे संपत नाही. 'कुनिंगाझ्' हा शब्द 'कुन्य' म्हणजे कुळ या शब्दापासून झाला असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. कुळातला, कुलीन, तो राजा. या 'कुन्य' शब्दाचे मूळ आणि लॅटिनमधील 'गेनुस', ग्रीकमधील 'गेनोस', आमच्या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे 'जेनेसिस' हे नाव आणि संस्कृतातील 'जन्' धातू यांचे मूळ एकच आहे. जन, जननी, जनक, जन्म हे सारे त्या धातूचे गोत. आणखी एक शब्द त्याच गोतात आहे, तो म्हणजे 'प्रजा'. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे अशी विनंती आहे. युरोपने ज्या मुळापासून राजाचे नाव केले, त्याच मुळापासून आमच्या पूर्वजांनी प्रजेचे नाव केले. पोलंडच्या खेड्यातील 'क्शोन्च' आणि त्याच्यासमोर गुडघे टेकणारी त्याची प्रजा ही शब्दाच्या नात्याने एका घरची आहेत.

स्लाव्ह भाषांत हा शब्द जेथे जेथे गेला तेथे त्याला निरनिराळी उंची लाभली. रशियात तो 'क्न्याझ' झाला आणि कीव्हच्या व मॉस्कोच्या राजांनी तो मिरविला. तुर्कांच्या अमलाखालील सर्बियात 'क्नेझ' म्हणजे गावचा किंवा तालुक्याचा मुख्य, आपल्याकडील पाटील-देशमुखासारखा. १८०४ च्या आरंभी बंडखोर तुर्की सरदारांनी अशा अनेक क्नेझांची कत्तल केली आणि त्यातूनच सर्बियाचा पहिला उठाव पेटला. एड्रियाटिक समुद्रावरील दुब्रोव्हनिकच्या प्रजासत्ताकात 'क्नेझ' हा राज्याचा प्रमुख असे, पण त्याची मुदत अवघी एक महिना! त्या महिन्यात त्याने राजवाड्यातच राहावे, सरकारी कामावाचून बाहेर पडू नये असा दंडक होता. खासगी गोष्टी विसरा व सार्वजनिक गोष्टींची काळजी वाहा, अशा अर्थाचा लॅटिन लेख त्या वाड्यात कोरलेला आहे. व्यापारी लोकांचे ते राज्य. राजा नावाच्या वस्तूवर किती विश्वास ठेवावा याचा हिशेब त्यांनी चोख केला होता.

याहून नवलाची कथा कारिंथियाची आहे. आज हा प्रदेश ऑस्ट्रियात मोडतो. मध्ययुगात तेथे स्लोव्हेन भाषा बोलणारी प्रजा मोठ्या संख्येने होती. त्या भाषेत राजाला 'क्नेझ' म्हणतात. तेथे एक दगड होता. रोमन काळातील एका खांबाचा पाया उलटा करून ठेवलेला, बसण्याजोगा. नवा राजा गादीवर यायचा तेव्हा त्या दगडावर एक स्वतंत्र शेतकरी जाऊन बसे. राजाने आपली वस्त्रे उतरवून शेतकऱ्याचा वेष घालायचा आणि गुरे घेऊन त्याच्यासमोर यायचे. दगडावरचा शेतकरी स्लाव्ह भाषेत विचारी : हा कोण येतो आहे? हा न्यायी आहे काय? देशाचे कल्याण चिंतणारा आहे काय? श्रद्धेचा रक्षणकर्ता आहे काय? लोकांनी होकार दिला म्हणजे शेतकरी राजाच्या गालावर हलकी चापट मारी आणि दगड मोकळा करून देई. चौदाव्या शतकातील इतिहासकारांनी हा विधी वर्णिलेला आहे. १४१४ साली तो अखेरचा झाला. दगड अद्यापि क्लागेनफुर्ट येथे जपून ठेवलेला आहे आणि त्याचे नाव 'क्नेझाचा दगड' असेच आहे. प्रजा आणि राजा यांचे मूळ एक असल्याची खूण भाषेने लपवून ठेवली होती. कारिंथियाच्या शेतकऱ्याने ती उघड करून दाखविली, असे आम्हांला वाटते.

आता पोलंडकडे वळू. ९६५ साली पोलंडचा अधिपती मियेश्को याने बोहेमियाच्या राजकन्येशी, दोब्रावेशी, विवाह केला आणि ९६६ साली बाप्तिस्मा घेतला. राणीच्या माहेरून श्रद्धा आली आणि श्रद्धेबरोबर तिची परिभाषाही आली. पोलिश भाषेतील धर्मविषयक शब्दांपैकी अनेक लॅटिन व जर्मनमधून निघून चेक भाषेच्या दारातून आत आलेले आहेत. चेक भाषेत 'क्न्येझ' म्हणजे धर्मगुरू हा अर्थ स्थिरावला आणि पोलंडमध्येही 'क्शोन्च' त्याच वाटेने गेला. तथापि हा बदल एका दिवसात झाला नाही. चौदाव्या-पंधराव्या शतकांतील पोलिश लेखांतून हा शब्द अधिपती आणि धर्मगुरू अशा दोन्ही अर्थांनी वावरताना आढळतो.

राजाचा शब्द धर्मगुरूकडे जावा यात अस्वाभाविक असे काही नाही. आदराने हाक मारताना माणूस आपल्या भाषेतील सर्वांत मोठी पदवी वापरतो. लॅटिनमधील 'दोमिनुस' म्हणजे घरधनी. इटलीत धर्मगुरूला 'डॉन' म्हणतात तो त्याचाच अवशेष. आमच्या मराठीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. 'महाराज' हा शब्द आम्ही छत्रपती शिवरायांना लावतो आणि देहूच्या वाण्यालाही लावतो. तुकाराम महाराजांच्या पदरी ना किल्ला, ना फौज; तरी त्यांना महाराज म्हणताना मराठी माणसाला शब्द अपुरा पडल्यासारखे कधी वाटले नाही. 'स्वामी' म्हणजे मालक. पण ज्याने सर्व मालकी सोडली त्यालाच आम्ही स्वामी म्हणतो. गोव्यातील आमच्या बांधवांनी 'सायब' हा अरबी मुलखातून आलेला शब्द संत फ्रान्सिस झेवियरला वाहिला आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप पवित्र मरियेला. पोलिश माणसाने केले ते हेच.

फरक इतकाच, की मराठीत महाराज हा शब्द दोघांनाही पुरला. पोलिश भाषेत एका म्यानात दोन तलवारी राहिल्या नाहीत. 'क्शोन्च' हा शब्द धर्मगुरूच्या अंगवळणी पडत चालला तसतशी खऱ्या राजपुरुषाला नव्या नावाची गरज भासू लागली. ती जशी भागली ती गोष्ट मोठी गमतीची आहे. पोलिश भाषेत लहान पिलांची नावे एका विशिष्ट प्रत्ययाने होतात आणि ती नपुंसकलिंगी असतात : वासरू, पिल्लू, कोकरू. आपल्याकडेही ही सारी नपुंसकलिंगीच आहेत. त्याच प्रत्ययाने 'क्शोन्च' चे 'क्शोंझे' झाले. अर्थ राजाचे पोर. थोरल्याचे नाव धर्मगुरूने नेले तेव्हा हे पोर गादीवर बसले आणि 'क्शोंझे' म्हणजे राजपुत्र, सरदार, ड्यूक असा अर्थ रूढ झाला. नेपोलियनने १८०७ साली उभारलेले वॉर्साचे राज्य 'क्शेन्स्त्व्हो' म्हणून ओळखले गेले, ते याच मुळावरून. पोलंडच्या थोर घराण्यांचे सगळे राजे व्याकरणाच्या दृष्टीने वासरांच्या पंक्तीत बसतात, हे त्यांना कोणी सांगितले असेल असे वाटत नाही!

दुसरे एक पोर आकाशात गेले. पितृवाचक प्रत्यय लागून 'क्शेंझिच' असा शब्द झाला. त्याचाही अर्थ राजाचा मुलगा. पूर्वी चंद्राला पोलिश भाषेत 'म्येशोंच' म्हणत. तो आपल्या 'मास' शब्दाचा सख्खा भाऊ. अमावास्येनंतर उगवणारी कोवळी कोर ही राजाच्या लहान मुलासारखी, म्हणून लोक तिला लाडाने 'क्शेंझिच' म्हणू लागले. पुढे लाडाचे नावच खरे नाव झाले. आज 'म्येशोंच' म्हणजे केवळ महिना आणि 'क्शेंझिच' म्हणजे पूर्ण चंद्र असो वा चतुर्थीचा, चंद्रच. मठाच्या प्रमुख भगिनीला 'क्शेनी' म्हणतात; तीही मुळात राणी. पुस्तकाला 'क्शोंश्का' म्हणतात, पण नाद सारखा असला तरी त्याचे कूळ वेगळे आहे; नवशिक्याने तेथे फसू नये.

जुन्या लेखनपद्धतीत धर्मगुरू आणि राजपुत्र या दोहोंच्याही नावांचा आरंभ रोमन लिपीतील 'एक्स' या अक्षराने होई आणि दोघांसाठी संक्षेपही तेच एक अक्षर. जुन्या कागदावर एखाद्या नावाआधी नुसता 'एक्स' दिसला, तर हा माणूस मिस्सा करीत होता की कर वसूल करीत होता, हे पुढचा मजकूर वाचल्यावरच कळायचे. कधी कधी एकच माणूस दोन्ही करी. १४४३ साली क्राकोचे बिशप झ्बिग्न्येव ओलेश्नित्स्की यांनी शेव्ह्येश नावाचे छोटे संस्थान विकत घेतले. तेव्हापासून १७९० पर्यंत क्राकोचा प्रत्येक बिशप हा त्या संस्थानचा राजाही असे. क्शोन्च आणि क्शोंझे एका देहात नांदत, आणि त्याबद्दल कोणाला काही विशेष वाटत नसे. १५७२ साली राजा दुसरा झिग्मुंट निपुत्रिक वारला आणि पोलंडचे राजे निवडून येऊ लागले. तेव्हा एक राजा गेला आणि दुसरा निवडून आला नाही अशा मधल्या काळात राज्य कोणी पाहायचे? तो मान ग्निएझ्नोच्या आर्चबिशपकडे गेला. लॅटिनमध्ये या पदाला 'इंटररेक्स' म्हणत, म्हणजे दोन राजांमधला राजा. नावात दडलेला राजा असा अधूनमधून प्रत्यक्षात येत असे.

पोलिश शेतकऱ्याने या सगळ्याकडे कसे पाहिले ते एका म्हणीवरून कळते. ज्याच्या कुळात क्शोन्च आहे त्याला दारिद्र्य शिंग मारीत नाही, असे ती म्हण सांगते. तीत आदर आहे, आणि थोडा हेवाही आहे. आमच्या वाडीतही ही म्हण कोणाला समजावून सांगावी लागणार नाही.

मग तो काळ आला ज्यात राजाच उरला नाही. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड गिळला. १९१८ पर्यंत, म्हणजे एकशे तेवीस वर्षे, नकाशावर त्या नावाचा स्वतंत्र देश नव्हता. न्यायालयात रशियन किंवा जर्मन भाषा, शाळेतही पुष्कळ काळ तीच. पोलिश भाषेत चारचौघांत बोलणारा आणि ज्याचे बोलणे सारा गाव ऐकतो असा माणूस पुष्कळ ठिकाणी एकच उरला. त्याच्या नावाचा जुना अर्थ तोपर्यंत सर्वजण विसरले होते. परंतु रिकाम्या गादीपाशी तो येऊन उभा राहिला, हे खरे.

या उभे राहण्यात गुंतागुंत होती. १८३० च्या उठावानंतर सोळावे ग्रेगरी या परमगुरूंनी १८३२ साली पोलिश महागुरूंना पत्र पाठवून उठावाचा निषेध केला आणि झारशी आज्ञाधारक राहण्यास सांगितले. पोलिश मनाला झालेली ही जखम लवकर भरून आली नाही. पुढे शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला प्योत्र श्चेगेन्नी नावाचा एक क्शोन्च पुढे आला. त्याने खुद्द ग्रेगरींच्याच नावाने शेतकऱ्यांसाठी एक पत्र रचले आणि त्यात खऱ्या पत्राच्या नेमके उलट लिहिले : वेठबिगार अन्यायाची आहे आणि राजे व जमीनदार यांच्या जुलमाविरुद्ध उठणे धर्म्य आहे. खोटे पत्र रचणे याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण ज्याच्या नावात राजा आहे अशा माणसाने राजांविरुद्ध शेतकऱ्याची बाजू घ्यावी आणि त्यासाठी परमगुरूंचे नाव उसने घ्यावे लागावे, हा प्रसंग इतिहासाने विसरू नये असा आहे. १८४४ साली तो पकडला गेला. फाशीची शिक्षा झाली, ती बदलून सैबेरियात सक्तमजुरी आली. १८७१ मध्ये तो परत आला. १८६३ च्या उठावात धर्मगुरू स्तानिस्वाव ब्झुस्का हा तर हाती शस्त्र घेऊन रानात राहिला. बाकीच्या टोळ्या मोडल्यानंतरही तो लढत होता. २३ मे १८६५ रोजी सोकोवूव गावाच्या चौकात त्याला जाहीर फाशी देण्यात आली. सगळेच धर्मगुरू असे नव्हते. झारशी जुळवून घेणारेही होते आणि त्यांची संख्या कमी नव्हती. पण लोकांनी ध्यानात ठेवले ते ब्झुस्काला.

दुसऱ्या महायुद्धात या शब्दाची किंमत शत्रूने अचूक ओळखली. राष्ट्र मारायचे तर त्याचे शिक्षक आणि धर्मगुरू आधी मारावे, हे नाझींचे धोरण होते. डाखाव येथील छळछावणीत विविध देशांचे २,७२० धर्मसेवक नोंदले गेले. त्यांपैकी १,७८० पोलिश होते आणि त्या पोलिशांपैकी ८६८ तेथेच मरण पावले. त्याच वर्षांत क्राकोच्या आर्चबिशपांच्या वाड्यात चोरून एक सेमिनरी चालत होती. हे आर्चबिशप आदाम स्तेफान सापियेहा जन्माने सरदार घराण्यातले, खरेखुरे क्शोंझे, आणि दीक्षेने क्शोन्च. ज्या दोन शब्दांची भाषेने ताटातूट केली होती ते त्यांच्या ठायी पुन्हा भेटले. त्यांच्या गुप्त विद्यार्थ्यांत १९४२ पासून रासायनिक कारखान्यातील एक कामगार होता. १ नोव्हेंबर १९४६ रोजी त्याला सापियेहांनीच गुरुदीक्षा दिली. त्याचे नाव कारोल वोयतिवा. आपल्याकडे ते वोयतिला असे लिहितात.

याच युद्धाने ही गोष्ट आपल्या मुलखापर्यंत आणून पोचविली. सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या कुटुंबांपैकी जी जगली त्यांतील काही इराणमार्गे हिंदुस्थानात आली. नवानगरच्या जामसाहेबांनी, दिग्विजयसिंहजींनी, १९४२ साली बालाचडी येथे पोरक्या पोलिश मुलांसाठी छावणी उभारली. मुलांना ते म्हणाले, की मी तुमचा बापू. छावणीचे प्रमुख होते धर्मगुरू फ्रान्चिशेक प्लुता. म्हणजे जो खरा राजा होता तो त्या मुलांचा बाप झाला आणि ज्याच्या पदाच्या नावात राजा होता त्याने छावणीचा कारभार पाहिला! कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक. त्यांची शाळा होती, दवाखाना होता, चर्च होते. पंचगंगेच्या काठी 'महाराज' आणि 'क्शोन्च' हे दोन शब्द काही वर्षे शेजारी नांदले. दोघांचाही प्रवास सिंहासनाकडून देवाच्या दाराकडे झालेला आहे, हे तेव्हा कोणाच्या ध्यानी आले असण्याचा संभव नाही.

युद्धानंतर पोलंडमध्ये साम्यवादी राजवट आली. तिने धर्मगुरूंना फोडण्याचा यत्न केला. सरकारला साथ देणाऱ्यांचा एक गट उभा केला आणि त्यांना 'देशभक्त क्शोन्च' असे नाव मिळाले. लोकांनी ते नाव उपहासाने उच्चारले. प्रायमेट स्तेफान विशिन्स्की यांना १९५३ ते १९५६ स्थानबद्ध करून ठेवले गेले. सुटून आल्यावर ते जनमानसात इतके उंचावले, की इंटररेक्स ही चारशे वर्षांपूर्वीची पदवी लोकांना त्यांच्या संदर्भात आठवू लागली.

आणि मग येझी पोपियेवुश्को. ऑगस्ट १९८० मध्ये वॉर्साच्या पोलाद कारखान्यातील संपकऱ्यांसाठी मिस्सा करायला गेलेला हा प्रकृतीने नाजूक धर्मगुरू. पुढे झोलिबोझ भागातील चर्चमध्ये दर महिन्याला तो मातृभूमीसाठी मिस्सा करू लागला आणि हजारो लोक रस्त्यावर उभे राहून ती ऐकू लागले. १९ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरक्षाखात्याच्या तीन अधिकाऱ्यांनी त्याला पळवून नेऊन ठार केले. ३० ऑक्टोबरला त्याचे शव विस्तुला नदीच्या जलाशयात मिळाले. ६ जून २०१० रोजी त्याला धन्यवादित घोषित करण्यात आले. पोलंडमध्ये त्याचे आडनाव क्वचितच घेतात. 'क्शोन्च येझी' एवढेच म्हणतात, जसे राजाला आडनाव लागत नाही.

स्वातंत्र्य १९८९ साली आले आणि गादी रिकामी राहिली नाही. निवडून दिलेले अध्यक्ष होते, संसद होती, वर्तमानपत्रे होती. रिकाम्या गादीपाशी उभे राहण्याची दोन शतकांची सवय मात्र एकदम सुटत नाही. गावोगावी क्शोन्चच्या शब्दाला प्रश्न विचारायचा नाही ही जुनी रीत चालू राहिली. आणि पारतंत्र्यात ज्या मौनाने धर्मगुरूंना पोलिसांपासून वाचविले होते, तेच मौन आता काही अपराध्यांच्या उपयोगी पडले. मार्च २०१९ मध्ये पोलिश महागुरूंच्या परिषदेने स्वतः आकडे प्रसिद्ध केले : १९९० ते २०१८ या काळात ३८२ धर्मसेवकांविरुद्ध अल्पवयीनांच्या लैंगिक शोषणाच्या तक्रारी, पीडित ६२५. दोनच महिन्यांनी तोमाश सेकेल्स्की यांचा 'कोणाला सांगू नकोस' या अर्थाच्या नावाचा माहितीपट आला आणि लाखो लोकांनी तो पाहिला. त्या नावातच सारे आले. राजाविरुद्ध कोणाकडे गाऱ्हाणे न्यायचे, हा प्रश्न त्या मुलांपुढे होता. आम्ही आमच्या धर्मग्रामात 'फादर' म्हणतो म्हणून या प्रश्नापासून मुक्त आहोत, असे समजण्याचे कारण नाही. बापाविरुद्धही सांगणे सोपे नसते. तरी डाखावचे ८६८ आणि हे ३८२ यांना एकाच शब्दाने ओळखावे लागते, ही पोलिश भाषेची आजची वेदना आहे. म्हणूनच तेथे काही माणसे धर्मगुरूशी बोलताना मुद्दाम 'पान' म्हणजे श्रीयुत एवढेच म्हणतात. जुन्या पिढीला तो उद्धटपणा वाटतो.

वाचकांना याचे मर्म कळावे म्हणून थोडे व्याकरण सांगितले पाहिजे. पोलिश भाषेत धर्मगुरूशी बोलताना 'तू' किंवा 'तुम्ही' म्हणत नाहीत. त्याच्या तोंडावर तृतीय पुरुषात बोलतात. 'क्शोन्च बसणार का?', 'क्शोन्चने चहा घ्यावा.' आमच्याकडे 'महाराजांनी आसनस्थ व्हावे' असे जे दरबारी बोलणे नाटकांतून ऐकू येते, ते तेथील स्वयंपाकघरात आजही चालते. संबोधनात याच शब्दाचे 'क्शेंझे' होते आणि अनेकवचन 'क्शेंझा'. ही दोन्ही रूपे नेहमीच्या नियमांत न बसणारी, शेकडो वर्षे जशीच्या तशी टिकलेली आहेत. मठवासी धर्मगुरूंना मात्र 'ओयचेत्स' म्हणजे पिता म्हणण्याची चाल आहे. माक्सिमिलियान कोल्बे हे फ्रान्सिस्कन, म्हणून ते पिता कोल्बे. आउश्वित्झमध्ये दुसऱ्याच्या जागी उपासमारीच्या कोठडीत जाताना त्यांनी आपण कॅथोलिक धर्मगुरू आहोत एवढेच सांगितले. १४ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांना मारण्यात आले.

एका क्शोन्चला तर हे नाव काही काळ बाजूला ठेवावे लागले होते. कारोल वोयतिवा १९४९ साली क्राकोच्या संत फ्लोरियन धर्मग्रामात आले तेव्हा स्तालिनचा काळ चालू होता. धर्मगुरूने तरुणांना घेऊन चर्चबाहेर हिंडण्यास सरकारची मनाई होती. ते विद्यार्थ्यांबरोबर डोंगरात जात, होड्या घेऊन नद्या-तलावांतून वल्हवत जात. पायघोळ झगा घरी ठेवीत. पण हाक काय मारायची? गाडीत किंवा वाटेवर कोणी 'क्शेंझे' म्हणून हाक मारली असती तर सगळेच पकडले गेले असते. म्हणून विद्यार्थी त्यांना 'वुयेक' म्हणू लागले. 'वुय' म्हणजे मुळात आईचा भाऊ, मामा. १९५८ च्या उन्हाळ्यात अशाच एका होडीच्या सफरीवर असताना त्यांना बिशप नेमल्याची बातमी कळली. मुले गोंधळली, की आता हाक कशी मारायची? मामा मामाच राहील, असे त्यांनी सांगून टाकले. पुढे १९७८ साली ते परमगुरू झाले, तरी त्या जुन्या मंडळींची पत्रे व्हॅटिकनला जात, आणि त्यांच्यासाठी ते वुयेकच होते.